शुक्रवारी कॅम्पर, सोमवारी आजींची गाडी

वीकेंडचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. पुण्याहून निघायचं, दोन रात्री कोकणात किंवा घाटमाथ्यावर काढायच्या, रविवारी रात्री परत. पेट्रोल, टोल, जेवणखाण हे तर आलंच. पण खिशाला खरं भोक पडतं ते खोलीच्या भाड्याने. जरा बऱ्यापैकी जागा म्हटली की एका रात्रीचे चार-पाच हजार सहज जातात, आणि लाँग वीकेंड असला तर रेट ऐकूनच आपण घरी पिक्चर बघायचं ठरवतो. त्यात बुकिंग महिनाभर आधी करा, आणि नेमका त्या शुक्रवारी बॉस रिलीज काढतो. कॅन्सलेशन? विसरा!

मग फ्लॅटचा ईएमआय भरणाऱ्या, फिरायची खाज असणाऱ्या आणि घरात एकच गाडी असणाऱ्या आमच्यासारख्यांनी करायचं काय? आम्ही आमच्या मारुती ईकोतच बिछाना घातला. खर्च आला पंचवीस हजार सातशे रुपये. म्हणजे हॉटेलच्या पाच-सहा रात्री. आणि महत्त्वाचं म्हणजे ही गाडी सोमवारी सकाळी पुन्हा जशीच्या तशी पाच सीटची व्हॅन होते. व्हावीच लागते. कारण आमच्या आजेसासूबाईंचं सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला डायलिसिस असतं, आणि ही गाडी मुळात घेतलीय त्यांच्यासाठी. सरकतं दार, आत पाय टाकायला सपाट जमीन, दुखऱ्या गुडघ्यांना सोसेल अशी सीट. त्यामुळे आमच्या कॅम्परची पहिली अट आजींनीच घातली, "काय वाट्टेल ते करा बाई, पण सोमवारी माझी सीट जागेवर पाहिजे."

पुढचं सगळं डिझाइन या एका वाक्यातून आलंय.

कल्पना जुनीच, पण झकास

कॅम्पर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इंग्रजी सिनेमातली ती गोलमटोल फोक्सवॅगन येते. ती व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. गंमत अशी, की हा बॉक्स गाडीत कायमचा ठोकलेला नव्हता. आठवडाभर व्हॅन धंद्याला वापरायची, सुट्टी आली की बॉक्स आत ठेवायचा आणि कुटुंब घेऊन निघायचं. युद्धानंतरच्या जर्मनीत दोन-दोन गाड्या कुणाला परवडणार होत्या? म्हणजे एकाच गाडीकडून दोन कामं करून घ्यायची ही मध्यमवर्गीय अक्कल सत्तर-पंचाहत्तर वर्षं जुनी आहे.

आपल्याकडे या कामाला गाडी तयारच होती. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' आली, तीच पुढे ओम्नी झाली. शाळेची मुलं तिनेच नेली, पेशंट तिनेच नेले आणि हिंदी पिक्चरमध्ये हिरोच्या बहिणीला पळवलंही तिच्यातूनच! २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली. तिच्या आधीच, २०१० मध्ये, ईको आली होती. लांबी ३,६७५ मिलिमीटर, रुंदी १,४७५ मिलिमीटर. म्हणजे सोसायटीच्या कुठल्याही पार्किंगमध्ये मावणारी. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे पुढे नाक अगदी छोटं आणि मागे जागाच जागा. दिसायला डबा आहे हो, पण झोपायला डबाच बरा. नव्या स्टायलिश गाड्यांचं छत मागे उतरत जातं आणि नेमकं आपल्या डोक्यावर येतं.

एक सूचना आत्ताच. सीएनजी मॉडेलमध्ये मागच्या बाजूला टाकी असते आणि ती बिछान्याची जागा खाते. आमची गाडी पेट्रोलवर आहे. सीएनजीवाल्यांनी आधी टेप घेऊन मोजावं, मग स्वप्नं बघावीत.

कायदा काय म्हणतो?

हा भाग कंटाळवाणा आहे, पण उडी मारून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ज्याने आरसीवरचा तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळच बसणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. छत कापून उंच करणं, सीट कायमच्या काढून पलंग वेल्ड करणं, गॅसची लाइन फिरवणं हे सगळं परवानगीशिवाय केलं तर पासिंगला अडचण, आणि अपघात झाला तर विम्याच्या क्लेमला त्याहून मोठी अडचण.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, हे खरं. पण ते पर्यटन व्यवसायासाठी आहे, आपल्या घरच्या व्हॅनला त्याने आपोआप सूट मिळत नाही.

म्हणून आमचा नियम सोपा आहे. गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. आत जाणारी प्रत्येक वस्तू म्हणजे सामान. पेटी, फळी, गादी, पाण्याचा कॅन. मागची लांब सीट बोल्टवर आहे, ती ट्रिपपुरती निघते आणि परत बसते. तेवढ्यापुरतीही सीट काढण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. एक ई-मेल तर करायचाय!

खिडक्यांचंही तसंच. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. तेव्हा प्रायव्हसीसाठी काचेला काही चिकटवू नका. आमच्याकडे फोमच्या चंदेरी शीटचे, काचेच्या मापाने कापलेले तुकडे आहेत. गाडी उभी केली की लावायचे, निघताना गादीखाली सारायचे.

चार पेट्या, दोन फळ्या

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, पलंग करायचाय की पेट्या?" मी म्हटलं, "काका, रात्री पलंग आणि दिवसा पेट्या." ते हसले आणि म्हणाले, "मग वजन कमी ठेवा. उचलणार तुम्ही आहात, मी नाही." लाख बोललात, काका!

तर माप असं. बारा मिलिमीटरच्या, पाण्याला टिकणाऱ्या बीडब्ल्यूआर प्लायवूडच्या चार पेट्या. प्रत्येक पेटी ३ फूट लांब, १४ इंच रुंद, १० इंच उंच. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मध्ये २० इंचांची वाट. त्या वाटेवर रात्री दोन फळ्या टाकल्या की ६ फूट बाय ४ फुटांचा सपाट बिछाना तयार. पुढच्या सीट पुढे सरकवल्यावर आमच्या गाडीत एवढी लांबी मिळते, तुमच्या गाडीतली तुम्ही मोजा. मागच्या चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात, तिथे पेटीला खाच द्यावी लागते. सुतारकाकांनी आधी पुठ्ठ्याचा साचा केला, मग प्लायला करवत लावली.

उंची १० इंचच का? कारण छत ठरलेलं आहे. पेट्या उंच केल्या की सामान जास्त मावतं, पण बिछान्यावर ताठ बसता येत नाही. पावसात चार तास आत अडकलात तर ताठ बसता येणं ही चैन नाही, गरज आहे. दिवसा मधल्या फळ्या काढल्या की समोरासमोर दोन बाकं होतात. पाटावर बसल्यासारखं वाटतं, पण पत्ते खेळायला फर्स्ट क्लास.

पेट्यांना तळ नाही. आत भाजीवाल्यांकडे असतात तसे प्लास्टिकचे क्रेट सरकवतो. त्यामुळे प्लायच्या दोन शीटमध्ये सगळं काम बसलं आणि एक पेटी साधारण साडेसात किलोची झाली. सगळं लाकूड मिळून ३७-३८ किलो. मी एकटी एकेक पेटी लिफ्टमधून आणून गाडीत ठेवू शकते. नवऱ्याची मीटिंग संपायची वाट बघावी लागत नाही, हा बोनस!

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुट्या पेट्या चालत्या गाडीत सुट्या राहता कामा नयेत. करकचून ब्रेक लागला तर साडेसात किलोची पेटी आणि आतलं सामान थेट आपल्या पाठीत येतं. सीट काढल्यावर तिच्या बोल्टची जी जागा रिकामी होते, तिथेच त्या मापाचे आयबोल्ट बसवून रॅचेट पट्ट्यांनी पेट्या आवळायच्या. पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो वजन, तो खाली आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून. आणि चालत्या गाडीत बिछान्यावर कुणीही बसायचं वा झोपायचं नाही. तिथे सीटबेल्ट नाही. कॅम्पर झाली की ही गाडी दोन माणसांची. मित्रांनी कितीही "अरे, मागे पडून येतो ना" म्हटलं तरी नाही म्हणजे नाही.

हिशेब, पै न् पै

बजेट-बजेट म्हणतो आपण, म्हणून आमचं बिलच देते. प्लायवूड ५,२०० रुपये. बिजागऱ्या, कड्या, आयबोल्ट आणि पट्ट्या १,१००. सुतारकाम २,५००. तीन इंची फोम, तीन तुकड्यांत कापून ३,६००. कव्हरची शिलाई कापडासकट १,४००. खिडक्यांची शीट, मच्छरदाणीचं कापड आणि लोहचुंबक १,५००. दोन पॉवर बँक, दोन यूएसबी पंखे आणि एक दिवा ४,७००. पाण्याचा कॅन, तोटी, घडीची बादली ९००. एका बर्नरची शेगडी १,८००. अग्निशामक सिलिंडर १,००० आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २,०००. एकूण २५,७००. तुमच्या गावात आकडे थोडे वर-खाली होतील. पैसे वाचवायचे तर गादीवर वाचवा, घरातलीच घडीची गादी चालते. शेवटच्या दोन वस्तूंवर मात्र वाचवू नका. कारण पुढे सांगते.

विजेसाठी लोक उगीच हजारो रुपये घालतात. जरा हिशेब करा. छोटा यूएसबी पंखा ५ वॅटचा. दोन पंखे आठ तास चालले तर ८० वॅट-अवर. तीन वॅटचा दिवा चार तास, १२ वॅट-अवर. झाले ९२. वीस हजार एमएएचची एक पॉवर बँक म्हणजे कागदावर ७४ वॅट-अवर, प्रत्यक्षात हाती साठेक लागतात. दोन बँकांत रात्र आरामात निघते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालताना त्या परत चार्ज होतात. फोनही तेव्हाच. सोलर पॅनेल, मोठी बॅटरी, इन्व्हर्टर हे सगळं फ्रिज हवा असेल तर. आमचा फ्रिज म्हणजे बर्फ टाकलेला थर्माकोलचा खोका. आणि गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला रात्री हात लावू नका. सकाळी स्टार्टरने नुसतं 'टक्' केलं की ताम्हिणीत धक्का मारायला कोण येणार?

श्वासाची गोष्ट

गाडीत झोपण्यातला खरा धोका चोर किंवा बिबट्या नाही, हवा आहे. उकडतंय म्हणून इंजिन चालू ठेवून, एसी लावून, काचा बंद करून झोपणं जिवावर बेतू शकतं. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. शेगडीचंही तेच. बंद जागेत ज्योत पेटवली की ऑक्सिजन कमी होतो आणि तोच वायू तयार होतो. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणजे नेमका आपल्या बिछान्याखाली.

म्हणून स्वयंपाक नेहमी बाहेर. ईकोचं मागचं दार वर उघडतं, त्याचं छान छप्पर होतं. त्याच्या बाहेरच्या कडेला घडीचं टेबल लावायचं आणि शेगडी त्यावर. गॅसची नळकांडी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायची नाहीत. झोपताना इंजिन बंद, पुढच्या दोन्ही काचा दोन-तीन बोटं खाली आणि फटीवर मच्छरदाणीचं कापड. समोरासमोर फट असली की वारा खेळतो आणि सकाळी काचांवरून पाणीही गळत नाही. दोन माणसांच्या श्वासातली वाफ एका रात्रीत काचा पार ओल्या करते, हे पहिल्याच थंडीत कळतं!

यातूनच सीझन ठरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे राजा काळ. एप्रिल-मे मध्ये कोकणात पत्र्याच्या गाडीत झोपणं म्हणजे इडलीपात्रात झोपणं. पावसाळ्यात मजा आहे, पण घाटात दरडीखाली किंवा ओढ्याच्या पात्रात गाडी लावायची नाही.

पण झोपायचं कुठे?

आणि दुसरा प्रश्न, जो सगळ्या मैत्रिणी कानात विचारतात... बाथरूमचं काय?

दोन्हीचं उत्तर एकच. कुणाच्या तरी अंगणात. रस्त्याच्या कडेला, निर्जन धरणाकाठी वगैरे फोटो छान येतात, पण मला शांत झोप हवी असते. आम्ही एखाद्या घरगुती खानावळीत नाहीतर होमस्टेत जेवतो आणि तिथेच विचारतो, "काका, रात्री गाडी अंगणात लावली तर चालेल का? बाथरूम वापरू, जे काही द्यायचं ते देऊ." क्वचितच नाही ऐकायला मिळतं. दोन-तीनशे रुपयांत अंगण, पाणी, संडास आणि सकाळी फुकटचा शेजार. काकू विचारतात, "गाडीत कशाला झोपता गं? आत चटई टाकते की!" त्यांना समजावता समजावता चहा होतो. तरीही अडीअडचणीला घडीचा कमोड आणि पिशव्या पेटीत असतातच. कचरा आपला, तो परत आपल्याच घरी.

भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला जाताना रात्री उशिरा खोली शोधायची कटकट नसते. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती पहाटे आणि संध्याकाळी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. तिथे तर गावातल्याच अंगणात उठून चालत किनारा गाठायचा. अभयारण्यात आणि वनखात्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय मुक्काम नको. आणि समुद्राच्या वाळूत गाडी घालायची नाही म्हणजे नाही. भरती आली की इन्स्टावरचा हिरो दोरखंड शोधत फिरतो.

रविवार रात्र, पंधरा मिनिटं

परत आल्यावर कितीही झोप येवो, गाडी त्याच रात्री रिकामी होते. चार पेट्या वर जातात. दोन बाल्कनीत बाकं म्हणून राहतात, दोन आमच्या पलंगाखाली. लांब सीट खाली येते, तिला मात्र दोघं लागतात. सीट काढणं-बसवणं आम्ही ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून शिकून घेतलं. बोल्ट तेच, मूळचे. बाजारातले मिळतेजुळते नाहीत. आणि ते टॉर्क पान्याने, ठरलेल्या जोरानेच आवळायचे. त्या सीटवर दुसऱ्या दिवशी आजी बसणार असतात आणि त्यांचा पट्टा त्या सीटच्याच भरवशावर असतो. शेवटी नवरा सीट गदागदा हलवून बघतो, मग मी. दोघांनी 'ओके' म्हटल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबायचं नाही, असा घरचा कायदा आहे.

सुरुवातीला मला वाटायचं, हे दर वेळी काढा-घालायचं झंझट कुठवर जमणार? कायमचं बसवून टाकलं असतं तर? पण कायमचं बसवलेल्या कॅम्पर वर्षाचे तीनशे दिवस कव्हर घालून उभ्या असतात. आमची रोज पळते. डायलिसिसला, भाजीला, नवऱ्याच्या मामांना स्टेशनवर आणायला. आणि आजींना एरवी पुण्याबाहेर नेणं अवघड झालं होतं. तासाभराच्या वर बसवत नाही, मधेच आडवं व्हावं लागतं. मागच्या हिवाळ्यात, डॉक्टरांना विचारून, त्यांना एका रविवारी पानशेतच्या बाजूला नेलं. जाताना त्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून. गाडी चालवायला मी, आणि नवरा मागून बाइकवर. गाडी झाडाखाली उभी केली, फळ्या टाकल्या, मागचं दार उघडलं आणि त्या पाण्याकडे तोंड करून दोन तास मस्त पडल्या. उठल्यावर चहा मागितला. अर्धाच कप, मोजून, कारण दिवसाचं पाणी ठरलेलं असतं. तो घोट-घोट पुरवत म्हणाल्या, "अगं, हॉटेलात हे मिळतं होय?"

नाही मिळत, आजी.

तर मंडळी, मोठी ड्रीम कार येईल तेव्हा येईल. तोवर पार्किंगमधल्या त्या डब्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. येत्या शनिवारी फक्त एवढंच करा. मोजपट्टी घ्या, मागचं दार उघडा आणि आत आडवे होऊन बघा. पाय मावले? मग सुतारकाकांना फोन लावा!